टीएसएच ३८, डावा पाय आणि नागपूरची बस

जुई_कर्वेनगर

मंडळी, गेली सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा आणि तोही दुखण्याचा, तेव्हा सांभाळून घ्या.

वय ४३. थायरॉइड कमी असल्याचं ९ वर्षांपूर्वी कळलं, धाकट्याच्या वेळी. तेव्हापासून ७५ची गोळी. गेल्या दीड वर्षात मात्र ढिलाई झाली. घरी तो वारांचा डबा आणला, सोम-मंगळ-बुध लिहिलेला, आणि थायरॉइडची, कॅल्शियमची, लोहाची अशा तिन्ही गोळ्या एकाच खणात भरून सकाळच्या चहाबरोबर एकदम घ्यायला लागले. डबा दिसायला इतका सुबक, की आपण फारच शिस्तीच्या झालो असं वाटायचं.

शिस्तीचा परिणाम असा: वजन ७ किलोने वर, केसांचे पुंजके फणीत, दुपारी ऑफिसात डुलक्या, आणि पाळी ११-११ दिवस. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी केली, ती ठीक निघाली. रक्तस्राव थांबवायला हार्मोनच्या गोळ्या दिल्या, दिवसातून तीनदा. बरोबर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, थायरॉइड कमी पडला की हा आकडा वाढतो) करायलाही लिहून दिलं होतं. ते मी 'नागपूरहून आल्यावर बघू' म्हणून पर्समध्ये ठेवलं. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

नागपूरला मावसभावाच्या मुलीचं लग्न. स्लीपर मिळाली नाही म्हणून बसायची सीट घेतली. खिडकीची. शेजारी एक घोरणारे गृहस्थ. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी रात्रभर उठले नाही, आणि ढाब्यावरच्या बाथरूमच्या धास्तीने पाणीही बेताचंच प्यायले. १४ तास. तीन दिवसांनी येतानाही तेच, फक्त गृहस्थ वेगळे.

पुण्यात आल्यावर तिसऱ्या दिवशी डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखायला लागलं. सासूबाईंनी तेल कोमट करून चांगलं रगडून दिलं, बिचाऱ्या रात्री दहा वाजता. दुसऱ्या दिवशी पाय जड. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नडगीवर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "थायरॉइड आहे ना? मग सूज येणारच. टीएसएच करून या." केलं. ३८ आलं. झालं, सगळ्यांना उत्तर सापडलं. मलाही. गोळी १००ची झाली आणि मी निवांत.

चार दिवसांनी अंघोळ करताना पायाच्या बोटांकडे लक्ष गेलं. उजव्या पायातलं जोडवं नेहमीसारखं गोल फिरत होतं. डाव्यातलं बोटात रुतून बसलेलं, साबण लावूनही हलेना. थायरॉइडला डावं-उजवं कळतं का, असा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला. वरच्या मजल्यावरची मुलगी फिजिओथेरपी शिकते, तिला हाक मारली. तिने शिलाई मशीनच्या खणातली टेप घेतली, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली मोजून दोन्ही पोटऱ्यांना गुंडाळली. उजवी ३५.५, डावी ३९.५. ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "काकू, आजच डॉप्लर करा, पायाच्या शिरांची सोनोग्राफी. आणि आता तेल नका लावू."

डॉप्लर करणाऱ्या डॉक्टर प्रोब दाबत दाबत वर जात होत्या. मी विचारलं तेव्हा पडद्यावर दाखवलं: शीर मोकळी असली की दाबल्यावर चपटी होते, डोळा मिटल्यासारखी. माझी गुडघ्यामागची मिटतच नव्हती. डीव्हीटी, म्हणजे पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी. त्याच दिवसापासून रिव्हरोक्साबॅन ही रक्त पातळ करायची गोळी सुरू, २१ दिवस १५ची दोनदा, नंतर २०ची एकदा, जेवणाबरोबरच. श्वासाचा त्रास नव्हता, म्हणजे छातीपर्यंत काही गेलेलं दिसलं नाही.

आता प्रश्न. ही गुठळी थायरॉइडमुळे झाली का? तीन डॉक्टरांना विचारलं, तिघांनी तीन तऱ्हांनी मान हलवली.

---

टेकडीवाला

बापरे. काळजी घ्या ताई. त्या वरच्या मजल्यावरच्या मुलीला पेढे द्या.

माझ्या बायकोलाही थायरॉइड आहे म्हणून लगेच शोधाशोध केली. एका ठिकाणी म्हणतात रक्त पातळ होतं, दुसऱ्या ठिकाणी म्हणतात घट्ट होतं. नक्की काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

मोगरा

जोडव्याचं वाचून काटा आला अंगावर. माझंही एक फिरत नाही, पण ते लग्नापासूनच.

---

रक्तपेशी

मी पॅथॉलॉजीत आहे, उपचार करणारी नाही. तेव्हा हे निदान समजू नका, गप्पा समजा.

टेकडीवाला, तुम्ही वाचलेलं दोन्ही खरं आहे, म्हणूनच घोळ होतो. थायरॉइड *जास्त* असला की रक्ताचा कल गोठण्याकडे जातो. फॅक्टर ८, फॉन विलेब्रांड फॅक्टर, फायब्रिनोजेन ही गोठवणारी मंडळी वाढतात. थायरॉइड *बराच कमी* असला की बहुधा उलटं. फॉन विलेब्रांड कमी पडतो. मग हिरड्यांतून रक्त, जरासं आपटलं तरी निळे डाग, आणि पाळीत भरपूर रक्त जाणं. थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी ती हीच) नीट पोटात जायला लागलं की तो आपोआप भरून येतो. बायकांची अंगावरून जास्त जाण्याची तक्रार असेल तर टीएसएच करायला सांगतात ते काही उगाच नाही.

मधल्या पट्ट्यात, म्हणजे थायरॉइड थोडाबहुत कमी असताना, झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणा मंदावते असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत दिसलं नाही. एकमत नाही. तुमच्या तीन डॉक्टरांच्या तीन माना त्यामुळेच.

आणि एक भेद करा. 'गुठळी' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. थायरॉइड कमी असला की यकृत एलडीएल कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही, ते रक्तात वाढतं, वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर हृदयाच्या धमन्यांना त्रास. ती धमनीची गोष्ट. जुईताईंची शिरेची आहे, तिचं गणित वेगळं.

शिरेचं गणित रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरच्या नावाने शिकवतात: रक्त साचून राहणं, शिरेच्या भिंतीला इजा, आणि रक्ताचा गोठण्याकडे कल. (१३ ऑक्टोबर हा त्याचा जन्मदिवस, १८२१चा. जागतिक थ्रॉम्बोसिस दिन त्याच दिवशी पाळतात.) आता जुईताई, तुमचा धागा पुन्हा वाचा. १४ तास हलला नाहीत, दोनदा. पाणी कमी. वजन वाढलेलं. आणि वर हार्मोनच्या गोळ्या. माझी शंका आधी त्या गोळ्यांवर आणि त्या सीटवर जाईल. थायरॉइड या नाटकात आहे, पण पडद्यामागे: त्याच्यामुळे पाळी वाढली, पाळीमुळे गोळ्या आल्या.

डावाच पाय का, असं कुणी विचारण्याआधी सांगते. पोटात उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेवरून आडवी जाते आणि तिला थोडं दाबते. म्हणून डाव्या पायात हे जास्त दिसतं.

---

खवचट_पेठवाला

म्हणजे खरा गुन्हेगार तो घोरणारा गृहस्थ.

---

मोगरा

रक्तपेशी, एक विचारू का? या हार्मोनच्या गोळ्या म्हणजे पाळी पुढे ढकलायला घेतो त्याच का? मी दरवर्षी गौरींना घेते. शिवाय सत्यनारायण, मुंज, एकदा पंढरपूर. मेडिकलवाला नावसुद्धा विचारत नाही, 'किती दिवसांच्या देऊ' एवढंच विचारतो.

---

रक्तपेशी

बहुतेक वेळा त्याच, नॉरएथिस्टेरॉन. ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा असा डोस असतो. पोटात गेल्यावर तिचा थोडासा भाग शरीरात एथिनिल एस्ट्राडायोलमध्ये बदलतो, म्हणजे कुटुंबनियोजनाच्या गोळीत असतं तेच एस्ट्रोजेन. त्यामुळे या डोसला गुठळीचा धोका थोडा वाढतो. घाबरू नका, बहुतेकींना काहीही होत नाही. पण घरात कुणाला गुठळी झालेली असेल, वजन जास्त असेल, सिगारेट असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा लांबचा प्रवास असेल, तर काउंटरवरून परस्पर घेऊ नका. डॉक्टरांना विचारा, आणि थायरॉइडची फाइलही बरोबर न्या.

---

खवचट_पेठवाला

गौरी माहेरवाशिणी आहेत हो. त्यांना पाळी म्हणजे काय हे माहीत असणार.

---

मोगरा

हे सासूबाईंना तुम्ही येऊन सांगा. चहा करते.

---

संपादक

शिवणं-न शिवणं हा विषय इथे नको. वेगळा धागा काढावा. या धाग्यावर न संपणारा वाद पेटवू नका.

---

बाराखडी

माझ्या वन्संना थायरॉइड होता. रोज उपाशीपोटी रात्रभर भिजवलेल्या धण्याचं पाणी आणि दोन पाकळ्या कच्चा लसूण. गोळी पूर्ण बंद. रक्तही पातळ राहतं लसणाने. करून बघायला काय हरकत आहे?

---

निवृत्त_७२

बाराखडीताई, हरकत आहे. जरा लांबण लावतो, पण ऐका.

माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर पायात गुठळी. अ‍ॅसिट्रॉम सुरू झाली, रक्त पातळ करायची. तिचं असं असतं की रक्ताची आयएनआर नावाची तपासणी करत राहायची आणि आकडा २ ते ३ मध्ये ठेवायचा. माझा काही केल्या दीडच्या वर चढेना. डोस वाढव, वाढव. डॉक्टर पालक-मेथीबद्दल विचारायचे (त्यातल्या के जीवनसत्त्वाने ही गोळी कमी पडते), मी शपथेवर सांगायचो की पानात दिसतसुद्धा नाही. सौ. साक्षीदार. शेवटी एका तरुण डॉक्टरने माझ्या आवाजाकडे लक्ष दिलं. घोगरा झाला होता, बोलणं संथ, आणि मे महिन्यात मी स्वेटर घालून बसलेला. टीएसएच ५०च्या वर.

त्याने समजावून सांगितलं ते असं. थायरॉइड कमी असला की शरीराचा सगळाच कारभार सरकारी कचेरीसारखा चालतो. रक्त गोठवणारे घटकसुद्धा सावकाश मोडीत निघतात, म्हणून अ‍ॅसिट्रॉम जास्त लागते. थायरॉइडची गोळी सुरू झाली की कारभार वेग घेतो, ते घटक भराभर संपतात, आणि तोच जुना डोस एकदम भारी पडतो. "दर आठवड्याला आयएनआर करा," असं त्याने तीनदा बजावलं.

मी दोन आठवडे केलं. तिसऱ्या आठवड्यात नातवाची मुंज होती. राहिलं. चौथ्या आठवड्यात सकाळी दात घासताना बेसिन लाल. आयएनआर ५.८! चार दिवस गोळी थांबवली, नंतर डोस जवळपास निम्म्यावर आला, तेव्हा कुठे गाडी रुळावर.

तेव्हा लसूण फोडणीत घाला, हवा तेवढा. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असताना मूठभर कच्च्या पाकळ्या किंवा लसणाच्या कॅप्सूल असले प्रयोग डॉक्टरांना न सांगता नकोत. आणि थायरॉइडची गोळी बंद करून धण्याचं पाणी तर नकोच नको. मेथी मी आता खातो, पण दर आठवड्याला सारखीच. बंद करायची नाही, एकदम वाढवायचीही नाही.

---

टेकडीवाला

काका, दंडवत. 'सरकारी कचेरी'वरून एकदम समजलं.

---

जुई_कर्वेनगर

निवृत्तकाका, मी हे वाचून घाबरून डॉक्टरांना फोन केला. माझी रिव्हरोक्साबॅन वेगळ्या जातीची आहे, तिला आयएनआर करावं लागत नाही म्हणाले. पण एक नवा ताप: या गोळीने पाळी आणखी वाढली. दोन दिवस ऑफिसला जाता आलं नाही. हिमोग्लोबिन ८.९. रक्तस्राव थांबवायला आधी मला ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडही माहीत होतं, मैत्रिणीकडे असतं, पण नुकती गुठळी झालेली असताना ते चालत नाही. बरं झालं, मागून घेतलं नाही. शेवटी मिरेना, म्हणजे गर्भाशयात ठेवायचं हार्मोनचं साधन, बसवायचं ठरलंय.

---

हिंजवडी_कॅब

हा धागा बायकोने पाठवला आणि वाचताना माझाच पाय मुंग्यांनी भरला. रोज सकाळी-संध्याकाळी दीड-दीड तास कॅबमध्ये, मध्ये नऊ तास खुर्ची. चांदणी चौकाचा पूल झाला तरी माझं बसणं काही कमी झालं नाही.

विचारायचं ते असं: बायकोची डिलिव्हरी होऊन तीन आठवडे झालेत. तिलाही थायरॉइड. आई म्हणते सव्वा महिना बाजेवरून उतरायचं नाही, खाली शेक, वर दुलई. हे चालेल का?

---

रक्तपेशी

बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे शिरेतल्या गुठळीसाठी सगळ्यात जोखमीचे. सव्वा महिना बरोबर त्याच काळात येतो. शेक, डिंकाचे लाडू, तेल-पाणी, काय हवं ते करा, पण तिला घरातल्या घरात हिंडूफिरू द्या आणि पाणी भरपूर द्या. सिझेरियन असेल तर जास्तच. एक पाय सुजला, पोटरी दुखली, किंवा अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, चक्कर येऊन पडली, तर आईंना विचारत बसू नका, दवाखान्यात न्या. गरोदरपणात थायरॉइडचा डोस वाढवलेला असतो, तो बाळंतपणानंतर बहुधा पुन्हा खाली आणतात. तिचा बदलला का, हेही विचारा.

सुजेबद्दल सगळ्यांसाठीच सांगते, कारण जुईताईंच्या बाबतीत तिथेच गल्लत झाली. थायरॉइडची सूज आली तर दोन्ही पायांना येते, चेहऱ्यावरही, सकाळी डोळ्यांखाली. आणि जुनी असेल तर बोट दाबल्यावर सहसा खड्डा पडत नाही. पायात वांब येणं, स्नायू आखडणं हेही थायरॉइडमध्ये होतं, म्हणून फसायला होतं. एकाच पायाची सूज ही वेगळी बाब. आणि अशा पायाला चोळायचं नाही, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

---

जुई_कर्वेनगर

हे सासूबाईंना वाचून दाखवायचं नाही असं घरात ठरलंय. त्या अजून 'माझ्या हाताने' म्हणून डोळे पुसतात.

---

बाराखडी

माझं चुकलं म्हणा. पण वन्संचा टीएसएच खरंच कमी आला होता. त्या केसांसाठीही कसल्या गोळ्या घेत होत्या. त्याने फरक पडला असेल का?

---

रक्तपेशी

केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं का बघा, बऱ्याच गोळ्यांत भरपूर असतं. कित्येक मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसतो. आजार तिथेच, आकडा फक्त देखणा. तपासणीआधी निदान दोन दिवस ती गोळी बंद ठेवायची आणि लॅबला सांगायचं. वन्संना पुन्हा करायला सांगा. आग्रहाने सांगा.

---

टेकडीवाला

किती जणांना असतं हो हे थायरॉइड? आमच्या सोसायटीत दर दुसऱ्या घरी ती गोळ्यांची बाटली दिसते.

---

रक्तपेशी

२०१३ साली आठ शहरांतली पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यात मोठ्या माणसांमध्ये साधारण ११ टक्के निघाले. पुणे त्यात नव्हतं, मुंबई होती.

---

खवचट_पेठवाला

पुणं नव्हतं म्हणजे ती पाहणीच अपुरी.

---

जुई_कर्वेनगर

तीन महिन्यांनी धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) विचारलं म्हणून.

टीएसएच ३.९. गोळी १००चीच, पण आता बाटली बेसिनवर ब्रशशेजारी. उठले की आधी गोळी, मग तोंड धुणं, अंथरुणं, मुलांचे डबे, आणि पाऊण तासाने चहा. कॅल्शियम आणि लोह दुपारनंतर. चार तासांचं अंतर हवं म्हणाले, नाहीतर ते थायरॉइडची गोळी पोटातच धरून ठेवतात. तो सुबक डबा मुलाला रंगीत मणी ठेवायला दिला. मला एकदा तपासणी फार लवकर करून बघायची घाई झाली होती, तर डॉक्टर म्हणाले, या औषधाची रक्तातली पातळी निम्मी व्हायलाच आठवडा लागतो, स्थिर व्हायला दीड महिना. त्याआधी आकडा बघून जीव टांगणीला लावू नका.

डॉप्लरमध्ये शीर बरीचशी मोकळी झालीय, भिंतीला थोडा जाडसरपणा उरलाय. मला वाटत होतं रिव्हरोक्साबॅन गुठळी विरघळवते. तसं नाही. गोळी ती वाढू देत नाही, विरघळवायचं काम शरीर स्वतःच करतं. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची (या असल्या की गुठळ्या होण्याचा कल वाढतो) तपासणी ठीक आली. गोळी आणखी तीन महिने चालू ठेवायची की थांबवायची ते पुढच्या भेटीत ठरेल. इथून पुढे एस्ट्रोजेनच्या गोळ्या नाहीत, आणि पाळी पुढे ढकलायच्या तर नाहीतच. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून घेतलंय.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं. भांडायला नाही, सांगायला. त्यांनी दोन मिनिटं काही बोललं नाही. मग ड्रॉवरमधून मोजायची टेप काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, आता ही इथेच राहील.

डावं जोडवं शेवटी सोनाराकडून कापून घ्यावं लागलं. सासूबाईंनी नवीन घडवलंय, एक माप मोठं.

पुढच्या महिन्यात नागपूरला बारसं आहे. डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलंय. मधल्या वाटेकडेची सीट घेतलीय, पाण्याच्या दोन बाटल्या, आणि दर दीड-दोन तासांनी उठायचं.

---

निवृत्त_७२

शाबास. बसल्याबसल्या टाचा वर-खाली करायच्या विसरू नका. पोटरी हा पायाचा पंप आहे.

---

खवचट_पेठवाला

खिडकीवाल्या गृहस्थांची झोप मोडणार म्हणजे. त्यांचाही धागा येईल इथे: 'शेजारची बाई रात्रभर उठते, उपाय सुचवा.'